पासवर्ड बरोबरच आहे हो!

जगात दोघेजण कधी खोटं बोलत नाहीत आणि कधी धड काही सांगतही नाहीत. एक, लॉगिन न होणारा माणूस. दुसरा, त्याला लॉगिन होऊ न देणारा सर्व्हर. माणूस म्हणतो, ‘लॉगिन होत नाही.’ सर्व्हर म्हणतो, ‘एरर ४९.’ दोघांचंही म्हणणं शंभर टक्के खरं असतं आणि दोघांच्याही बोलण्यातून काडीचा बोध होत नाही. या दोघांच्या मधे बसवलेल्या प्राण्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आमच्या कॉलेजात तो प्राणी मी. नेमणूकपत्रावर हुद्दा भारदस्त आहे. प्रत्यक्षात सगळे मला ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणतात आणि या पदाच्या कार्यकक्षेत प्रिंटरमधे अडकलेला कागद, सेमिनार हॉलचा माईक आणि प्राचार्यांच्या केबिनमधला पाण्याचा फिल्टर हे सगळं येतं.

सकाळचा पहिला फोन बहुधा अकाउंट्समधून.

“सर, लॉगिन होत नाहीये.”

“कशात, मॅडम?”

“कॉम्प्युटरमधे.”

“मेलमधे, वायफायला, की पगाराच्या सॉफ्टवेअरमधे?”

“कशातच नाही.”

“काय मेसेज येतोय?”

“येत होता काहीतरी. मी बंद केला.”

“पासवर्ड नीट टाकलात ना?”

“पासवर्ड बरोबरच आहे हो! रोज तोच टाकते.”

“कालपासून काही बदललंय का?”

“काही नाही.” इथे एक लांब श्वास. “पासवर्ड तेवढा बदललाय. तुमचाच मेल आला होता ना, बदला म्हणून.”

हा तपशील नेहमी शेवटीच येतो. आधी आला असता तर फोन अर्ध्या मिनिटात संपला असता, आणि आपल्याकडे अर्ध्या मिनिटात संपलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही.

एके काळी बरं होतं. ग्रंथालयाची यादी वेगळी, मेलची वेगळी, लॅबची वेगळी. एक बिघडलं की एकच जण ओरडायचा. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की माणसं तर तीच आहेत, यादी एकच ठेवू आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने तिलाच विचारावं: हा इसम आपला आहे का, आणि याचा पासवर्ड जुळतो का? ही यादी सांभाळतो तो डिरेक्टरी सर्व्हर. यामुळे झालेली सुधारणा अशी की आता एक बिघडलं की सगळे एकदम ओरडतात.

या उपद्व्यापाचं मूळ टेलिफोनवाल्यांकडे जातं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९८८ साली एक्स.५०० नावाचं मानक काढलं. साऱ्या जगाची मिळून एक डिरेक्टरी. वर देश, देशाखाली संस्था, संस्थेखाली खातं आणि खात्याखाली, अगदी तळाला, माणूस. नोकरी केलेल्या कोणालाही ही रचना वेगळी शिकवावी लागत नाही. पण ते प्रकरण इतकं अगडबंब निघालं की त्या वेळच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरांना पेलेना. तेव्हा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि मंडळींनी त्यावर एक सुटसुटीत तोड काढली. १९९३ मधे जाहीर झालेली ही तोड म्हणजे एलडॅप. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली, तीही एलडॅपचीच भाषा बोलते. आमच्या ऑफिसात ती आहे आणि लॅबमधे फुकटचं ओपनएलडॅप. म्हणजे मला दोन तऱ्हेची मौनं सांभाळावी लागतात.

एरर ४९चा अर्थ ‘ओळख पटली नाही’. का पटली नाही, हे विचारायचं नाही. नाव चुकलं? पासवर्ड चुकला? दोन्ही बरोबर, पण ज्या खात्याखाली शोधलंत तिथे हा माणूसच नाही? उत्तर एकच, ४९. तहसील कचेरीच्या खिडकीतून ‘फॉर्म चुकलाय’ एवढंच म्हणून कागद परत सरकवणारा, आणि ‘कुठला रकाना?’ म्हणताच चहाला उठणारा जो कारकून असतो, तो निवृत्तीनंतर इथे रुजू झाला असावा. फरक इतकाच की सर्व्हरकडे सबळ कारण आहे. ‘नाव बरोबर, पासवर्ड चूक’ असं तो बोलला तर बाहेरच्या भामट्याला अर्धी माहिती फुकटात मिळते. कुठली नावं खरी आहेत ते एकेक करून कळतं. म्हणून ओपनएलडॅप अस्तित्वातच नसलेल्या माणसालाही ‘ओळख पटली नाही’ असंच बाणेदारपणे सांगतं. तत्त्व पटतं. पण भामटा कधीमधी येतो, अकाउंट्सच्या मॅडम रोज येतात.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी जरा मवाळ. ती ४९च्या शेपटाला एक बारीक उपक्रमांक जोडते. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५२५ म्हणजे असा माणूसच नाही, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलंय, ७७५ म्हणजे चुकीचे पासवर्ड टाकून टाकून कुलूप लागलंय. मुलाच्या यत्ता-तुकडीपेक्षा हे आकडे मला पक्के पाठ आहेत. अडचण अशी की हा उपक्रमांक सर्व्हर मला सांगतो, मधलं सॉफ्टवेअर तो गिळतं आणि मॅडमना पडद्यावर दिसतं, ‘समथिंग वेंट राँग’. तेही त्या बंद करतात.

माझा सगळ्यात आवडता मात्र ५३ क्रमांक. त्याचा संदेश आहे: सर्व्हर हे काम करायला राजी नाही. जमत नाही असं नाही, समजलं नाही असंही नाही. राजी नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीवरून कोणाचा पासवर्ड बदलायला गेलात की हा बाणा दिसतो. आमच्या कॉलेजात परीक्षेच्या ड्युट्या लावताना अनेकांना हेच म्हणायचं असतं, पण इतक्या स्वच्छ शब्दांत म्हणण्याची हिंमत मी फक्त या यंत्रात पाहिली आहे.

आता सर्व्हरच्या लेखी माणूस म्हणजे कोण? ते ‘स्कीमा’ नावाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. ओपनएलडॅपच्या नेहमीच्या नियमावलीनुसार आडनाव सक्तीचं. आडनाव नसेल तर एरर ६५, माणूस नामंजूर. आमच्याकडे तमिळनाडूहून आलेले एक प्राध्यापक आहेत. त्यांचं एक नाव, त्याच्यामागे वडिलांचं आद्याक्षर, बस्स. आडनाव त्यांच्या घराण्यात कोणी लावलेलं नाही. अखेर आडनावाच्या रकान्यात एक टिंब दिलं आणि सर्व्हरने ते आनंदाने घेतलं. ओळखपत्र छापणाऱ्या सॉफ्टवेअरने ते टिंब इमानेइतबारे छापलं आणि मेलच्या सॉफ्टवेअरने त्यांना ‘प्रिय डॉ. टिंब’ या अर्थाचं पत्र पाठवलं. सर सज्जन आहेत, त्यांनी सहीही तशीच करून उत्तर दिलं.

आपलं मराठी नाव याच्या उलट. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव, असे तीन डबे एकामागे एक जोडलेले. मधला डबा कुठे उभा करायचा? नेहमीच्या स्कीमात त्याला पुरता फलाटच नाही, फारतर आद्याक्षरापुरती जागा. त्याच स्कीमांच्या गोतावळ्यात नावापुढे ‘ज्युनिअर’ किंवा ‘तिसरा’ लावायला स्वतंत्र रकाना आहे. गाडीच्या नंबराला रकाना आहे. आणि १९९१पासून चालत आलेल्या एका स्कीमात, खोटं वाटेल, आवडत्या पेयाचाही रकाना आहे. ज्यांनी पित्याला जागा दिली नाही त्यांनी पेयाला दिली. हा रकाना सगळ्या स्टाफसाठी ‘चहा’ असा सरसकट भरून टाकावा असं एकदा मनात आलं होतं. पण रसायनशास्त्राच्या एका सरांच्या बाबतीत ते खोटं रेकॉर्ड झालं असतं.

मग येतात एस. पाटील. आमच्याकडे हे अनेक आहेत. पहिल्याला नुसतं ‘एसपाटील’ मिळालं, दुसऱ्याच्या मागे १ लागला, तिसऱ्याच्या मागे २. यावर एक रीतसर अर्ज प्राचार्यांकडे गेला की क्रमांक सेवाज्येष्ठतेनुसार द्यावेत. अर्जदार सर्वांत ज्येष्ठ असून त्यांच्या मागे ३ लावून त्यांचा अवमान झाला आहे. प्राचार्यांनी अर्जावर शेरा मारला, ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’, आणि तो माझ्याकडे आला. फाईल माझ्याकडे अजून आहे. नियम मिळाला की कार्यवाही करीन.

लग्न हा तर डिरेक्टरीतला सर्वांत गुंतागुंतीचा विधी. डिरेक्टरीतल्या नोंदीचं, म्हणजे एंट्रीचं, नाव हाच त्या देश-संस्था-खात्याच्या उतरंडीतला तिचा पत्ता असतो, त्यामुळे नावात बदल म्हणजे घरबदल. संगणकशास्त्राच्या एका मॅडमनी लग्नानंतर आडनाव बदलून मागितलं. लॅबच्या सर्व्हरवर एंट्री नव्या नावावर गेली, लॉगिन सुरळीत झालं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी मॅडमना प्रश्नपत्रिकांचा फोल्डर उघडेना. कारण परीक्षा विभागाच्या गटात अजून माहेरचं नाव होतं. ओपनएलडॅपमधे असे दुवे आपोआप दुरुस्त करणारी सोय वेगळी चालू करावी लागते. नाहीतर लग्न एका ठिकाणी लागतं आणि बाकीच्या विभागांना पत्रिकाच पोचत नाही. ती सोय आता चालू आहे. त्यानंतर स्टाफमधे कोणी लग्न केलेलं नाही, त्यामुळे ती चालते का ते सांगता येत नाही.

पण खरा रस कॉन्फिगरेशनच्या फाइलीत असतो. ओपनएलडॅपच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीला दोन साधे नियम आहेत. ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा असेल तर ती ओळ मागच्या ओळीचं शेपूट समजायची. आणि हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे माणसांसाठीची टीप, ती सर्व्हरने वाचायची नाही. दोन्ही नियम आपापल्या घरी गुणी आहेत. गोम अशी की सर्व्हर आधी शेपटं जोडतो आणि मग टिपा गाळतो.

आमच्या फाइलीत पासवर्डच्या रकान्याचे अधिकार लिहिलेले होते. पहिली ओळ: पासवर्डला हात कोणी लावायचा? तिच्याखाली, थोडं आत सरकवून: ज्याचा त्याला बदलता येईल. त्याखाली: अनोळखी व्यक्तीला फक्त पडताळणीसाठी वापरता येईल. शेवटी: बाकी कोणाला काहीही नाही. यातली अनोळखी व्यक्तीची ओळ वरवर धोक्याची दिसते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. कारण लॉगिन पुरं होईपर्यंत प्राचार्यही अनोळखीच असतात. माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या एका दक्ष गृहस्थांना ही गोष्ट माहीत होती. पुढचा कोणीतरी ती ओळ निरुपयोगी समजून उडवेल, या काळजीने त्यांनी बंगळुरूच्या नोकरीला जाण्याआधी तिच्या बरोबर वर एक टीप लिहून ठेवली: ‘खालची ओळ अत्यंत महत्त्वाची आहे, काढू नये.’ टीप ओळीच्या अगदी सुरुवातीपासून, हॅश लावून. खालची ओळ आत सरकवलेली. म्हणजे ती झाली टिपेचं शेपूट, आणि टिपेबरोबर तीही गळाली. तिच्याखालची चौथीही गेली, पण तिचं दुःख नाही. बाकीच्यांना मनाई हे सर्व्हर न सांगताच धरतो.

हे लगेच कोणाला कळलं नाही, कारण ही फाईल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते. पुढे एका रविवारी वीज गेली, यूपीएसने मान टाकली, आणि सोमवारी सकाळी लॅबमधल्या एकालाही आत जाता येईना. सगळीकडे ४९. सगळ्यांचे पासवर्ड बरोबर. फाइलीची तपासणी करणारी आज्ञा दिली तर ती म्हणते, चूक काहीही नाही. आणि व्याकरणाच्या दृष्टीने खरंच नव्हती. त्यात भर म्हणजे मुख्य ॲडमिनला हे अधिकारांचे नियम लागूच होत नाहीत, त्यामुळे मी लॉगिन केलं की झटक्यात होत होतं. ‘तुमचं होतं, मग आमचं का नाही?’ असं विद्यार्थ्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना जगाची रीत सांगण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुपारपर्यंत मी ती फाईल वाचत होतो आणि दर वेळी ती टीप वाचून ‘वा, किती काळजीने लिहिलंय’ असं म्हणून पुढे जात होतो. शेवटी फाइलीचं छापील पान घेऊन ओळींवर बोट ठेवत गेलो, तेव्हा बोट त्या हॅशपाशी थांबलं. टीप उडवली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, दोन मिनिटांत लॅब भरली. ती टीप आता मी वहीत लिहून ठेवली आहे. वहीला शेपूट फुटत नाही.

घड्याळाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ओळख पटवायला कर्बेरॉस वापरते. अमेरिकेत एमआयटीत १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून ही पद्धत निघाली, आणि नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून. याचा दंडक असा की तुमचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक नको. पाच मिनिटं! जिथे दहाचं व्याख्यान दहा वीसला ‘वेळेवर’ सुरू होतं, तिथे. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागे पडतं आणि माणूस दाराबाहेर. कोणी तत्परतेने ग्रीनिचचा टाइमझोन न बदलता नुसते काटे भारतीय वेळेला लावले, तर फरक साडेपाच तासांचा. उपाय स्वस्त आहे, सेल कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो. पण ‘पासवर्ड लागत नाही’ या तक्रारीवर ‘सेल बदला’ असं उत्तर दिलं की लोक माझ्याकडे काळजीने बघतात.

याच्या नेमकं उलटं दुखणं म्हणजे ज्याला अडवायला हवं तोच आत जाणं. होस्टेलच्या मेससाठी विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरमधे कोणाचंही नाव टाकून पासवर्डची जागा कोरी सोडली की खुशाल लॉगिन व्हायचं. कारण प्रोटोकॉलच्या दृष्टीने नाव आहे पण पासवर्ड नाही, म्हणजे हा माणूस ओळख न पटवता नुसता डोकावायला आलाय. काही सर्व्हर अशाला ‘ठीक आहे, या’ म्हणतात. सॉफ्टवेअरने एवढंच ऐकलं की ‘ठीक आहे’. एलडॅपच्या २००६च्या मानकात याबद्दल स्पष्ट इशारा आहे की कोरा पासवर्ड सॉफ्टवेअरने आधीच परतवावा, आणि सर्व्हरनेही त्याला नकार द्यावा. नकाराचा क्रमांक, माझा लाडका ५३. विकणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “सर, पण कोरा पासवर्ड टाकेल कोण?” ज्याने टाकला तो सेकंड इयरचा विद्यार्थी होता, चार विषयांत एटीकेटी. वॉर्डनच्या नावाने त्याने सलग काही रविवारी मेसच्या मेनूत श्रीखंड लावलं होतं. त्याला नोटीस निघाली. मला विचाराल तर त्याला लॅबमधे नोकरी द्यायला हवी होती.

राहता राहिला पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलण्याचा नियम. तो आमच्याकडे ऑडिटरच्या आग्रहाने आला. माणसं यावर काय करतात? मोरया@१ चं मोरया@२ होतं. नवा पासवर्ड कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिला जातो. आणि घरात पडलेल्या जुन्या फोनमधे जुनाच पासवर्ड राहतो. तो फोन कॉलेजात आणला की आपल्या मालकाच्या नावाने वायफायचं दार ठोठावत बसतो आणि खात्याला कुलूप लावतो. उपप्राचार्यांचं खातं रोज अकराच्या सुमारास लॉक व्हायचं. ते म्हणायचे, कोणीतरी हॅक करतंय, यात राजकारण आहे. लॉग चाळले तर तो हॅकर त्यांच्याच ड्रॉवरमधे, चार्जरला लावून ठेवलेला होता. गंमत म्हणजे मूळ सल्ला देणाऱ्यांनी हा नियम केव्हाच सोडला आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी २००३ मधे हे नियम लिहिणारे बिल बर याविषयी २०१७ मधे जाहीरपणे हळहळले, आणि त्याच वर्षी संस्थेनेही सांगितलं की कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका. हा कागद मी ऑडिटरना दाखवला. त्यांनी तो फाइलला लावला आणि विचारलं, “पण तुमच्याकडे बदलतात ना?”

तेव्हा माझ्यासारख्या कोणाला फोन करण्याआधी एवढं करा. पडद्यावर आलेला मेसेज बंद करू नका, त्याचा फोटो काढा. कोपऱ्यात कीबोर्डची भाषा मराठी आहे का ते बघा. काळ्या ठिपक्यांमागे तुमचा पासवर्ड देवनागरीत उमटत असतो आणि ठिपके कुठल्याही लिपीचे सारखेच दिसतात. शेजारच्याचं लॉगिन होतंय का ते विचारा. कालपासून जे काही बदललं असेल ते शेवटी न सांगता आधी सांगा, मग तो पासवर्ड असो, फोन असो की आडनाव. पासवर्ड मात्र सांगू नका. तो मला लागत नाही आणि मी विचारणारही नाही. कोणी फोन करून ‘कॉम्प्युटरवाले सर बोलतोय, पासवर्ड सांगा’ असं म्हणालाच, तर खुशाल समजा, तो मी नव्हेच.